बाळंतिणीच्या कॅल्शियमच्या गोळ्या

बाळंतिणीच्या खोलीतील गोष्टींत धर्मगुरूने लक्ष घालू नये, हा जुना संकेत मला मान्य आहे. परंतु आमच्या खानापूर तालुक्यात घरभेटीस गेलेल्या फादरांपुढे म्हशीच्या दुखण्यापासून मुलीच्या स्थळापर्यंत सर्व काही मांडले जाते. तेथे हा संकेत टिकावा कसा? अलीकडे निरनिराळ्या घरांतून मला एकच प्रश्न विचारला गेला : अंगावर पाजणाऱ्या आईने कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्यास त्या बाळाला बाधतात काय? एका घरी तर सुनेने गोळ्यांची पाकिटे तांदळाच्या डब्यामागे दडवून ठेवली होती. सासूबाईंचे म्हणणे, "फादर, गोळी उष्ण. ती दुधात उतरते, बाळाचे पोट साफ होत नाही, आणि पुढे त्याला खडा होतो." त्या माउलीच्या मनात दुष्टावा मुळीच नव्हता, नातवाची काळजीच ती.

मी वैद्य नव्हे. तथापि जाणकारांचे याविषयीचे मत स्पष्ट आहे. आईने नेमून दिलेली गोळी घेतली म्हणून तिच्या दुधातील कॅल्शियम वाढत नाही, आणि न घेतली म्हणून विशेष घटतही नाही. दररोज सुमारे २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम दुधावाटे बाळाकडे जाते. त्याकरिता आईची हाडे आपला साठा मोकळा करतात. पाजण्याच्या काळात हाडांतील खनिज शेकडा ३ ते ५ इतके उणे होते आणि पाजणे थांबल्यावर बहुधा पुन्हा भरून येते. ही झीज गोळीने सर्वस्वी थांबते असे नव्हे. गोळी आहे ती आईची रोजची गरज भागावी म्हणून. म्हणजे बाळासाठी म्हणून गोळी बंद केली, तर बाळाचे काहीच राखले जात नाही; उणे पडते ते आईला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाजणाऱ्या आईची ही गरज दिवसाला १२०० मिलिग्रॅम धरली आहे. आता आपल्या घरांतील रीत पाहा. गोठ्यात म्हैस असते, पण दूध पहाटेच डेअरीला जाते. राहिलेले चहात पडते आणि सून सर्वांच्या मागून जेवते. पेलाभर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेही तिच्या वाट्यास येत नाही. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम असते. ही नाचणी आपल्याच शेतात पिकते. गरिबाचे अन्न म्हणून ती मागे सारली गेली, याचे मला खरोखर वाईट वाटते. तीळ आणि काट्यांसह खाल्ली जाणारी बारीक मासळी यांतही कॅल्शियम भरपूर असते. विड्याचा चुना मात्र गोळीच्या जागी चालवू नये. त्याचे माप कोणास ठाऊक नसते.

भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली जे मार्गदर्शन केले, त्यात गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा ५०० मिलिग्रॅमची एकेक गोळी सांगितली आहे. ती उपाशीपोटी घेऊ नये, जेवणाबरोबर घ्यावी. आशाताई लोहाच्या गोळ्याही देतात. त्या कॅल्शियमबरोबर एकाच घोटात घेतल्यास लोह अंगी लागत नाही, म्हणून दोहोंमध्ये निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. गोळीने आईचेच पोट जड होणे किंवा शौचास घट्ट होणे संभवते. पाणी अधिक प्यावे, आणि त्रास राहिला तर आरोग्य केंद्रात सांगावे.

जिला पूर्वी मुतखडा झाला आहे किंवा जी थायरॉइडचे औषध घेते, तिने डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी सुरू करू नये. सरकारी दवाखान्यातून एक आणि खाजगी डॉक्टरांकडून दुसरी, अशी कॅल्शियमची दोन पाकिटे घरात आली असतील, तर ती दोन्ही एका डॉक्टरांपुढे ठेवावीत. अन्न व गोळी मिळून दिवसाला २५०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये.