कूलर लावण्यापूर्वी

होळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, त्यामुळे नव्या ताट्या आणायला आम्ही विसरत नाही. वायर मात्र कुणी पाहत नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात. त्यात पाणी भरणाऱ्या बाया असतात, खेळणारी लेकरे असतात.

पाण्यातल्या मोटरच्या वायरचे आवरण फाटले की वीज लोखंडी टाकीत उतरते. टाकीला हात आणि ओल्या फरशीवर अनवाणी पाय असले की ती माणसातूनच जमिनीत जाते. म्हणून आम्ही वस्तीत सांगत असतो : प्लगची मोठी पिन तोडू नका, ती अर्थिंगची आहे. अर्थिंगचा खड्डा उन्हाने सुकतो, त्यात पाणी ओता. ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा ब्रेकर बसवून घ्या. पाणी भरताना नुसते बटन बंद करू नका, प्लगच काढा. टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करा, म्हणजे डेंग्यूचा डास वाढणार नाही.

आम्ही कारकून माणसे, खर्चाची बाजू आम्हांला कळते. ताट्या आणायला जाल, त्याच दिवशी वायरमनलाही सांगून या.