दोन पातळ्यांमधील संभाषण

आमच्या भंडारा जिल्ह्यांतील धानाच्या बांध्या एकसारख्या उंचीच्या नसतात. वरच्या बांधींतील पाणी खालीं सोडतांना शेतकरी बेताचेंच तोंड ठेवितो. नाहीं तर खालचा बांध फुटतो. उलट, खालचें पाणी वर न्यावयाचें तर नुसतें तोंड पाडून भागत नाहीं. तें उपसावें लागतें. विजेच्या परिपथांचा न्यायही असाच आहे.

आमच्या शाळेच्या विज्ञानमंडळानें तलावाची पाणपातळी मोजून कळविणारें यंत्र करावयास घेतलें. मोजणी करणारा आर्डुइनो ऊनो बोर्ड ५ व्होल्टवर चालतो. निरोप दूर धाडणारें ईएसपी-८२६६ मॉड्यूल ३.३ व्होल्टवर. "तारा सरळ जोडल्या तरी चालतें," असें एका विद्यार्थ्याचें म्हणणें पडलें. मॉड्यूल पालकांच्या वर्गणींतून घेतलेलें. जळलें तर दुसरें मिळणें कठीण. आम्ही त्यास मना केलें नाहीं. निर्मात्याचें माहितीपत्रक मात्र वाचावयास दिलें. संकेताची कमाल मर्यादा ३.६ व्होल्ट असल्याचें त्यास स्वतःच आढळलें.

मग पातळी जुळविणारा मध्यस्थ, म्हणजे लेव्हल शिफ्टर, प्रत्येक तारेसाठीं निराळा निवडावा असें ठरलें. ५ कडून ३.३ कडे जाणाऱ्या तारेवर १ किलोओहमचा व जमिनीच्या बाजूस २ किलोओहमचा असे दोन रेझिस्टर लावले. सांध्यावर सुमारें ३.३ व्होल्ट मिळाले. सेकंदास ९६०० बिटांच्या मंद गतीस एवढें पुरे. परतीच्या तारेवर ऊनो ३ व्होल्टपासून पुढें 'एक' ओळखतो. म्हणजे सवड अवघी ०.३ व्होल्टची. तार लांब असून गोंगाट शिरला तर ती पुरत नाहीं. म्हणून तेथें ५ व्होल्टवर चालणारी ७४एचसीटी१२५ आयसी घातली. तिला २ व्होल्टही पुरतात.

एकाच तारेवर दोहोंकडून बोलणाऱ्या आय-टू-सी पद्धतीस हे दोन्ही उपाय निरुपयोगी. तेथें बीएसएस१३८ सारखा मॉसफेट व दोन्ही बाजूंस पुल-अप रेझिस्टर लागतात. जुन्या संगणकांच्या आरएस-२३२ तारेवर तर 'एक' म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट! तेथें मॅक्स३२३२ सारखी आयसीच हवी.

विद्यार्थी मित्रहो, दुकानांत "सर्वांस चालणारा" शिफ्टर मागण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा: कोण बोलतो, किती वेगानें बोलतो, आणि ऐकणाऱ्यास किती सोसतें? आज चाललें म्हणजे पावसाळाभर टिकेल असें नव्हे. उत्तरें माहितीपत्रकांत छापलेलीं असतात, आणि तीं वाचण्यास पैसा पडत नाहीं.