परक्या अंगाचा डाव

आमच्या उंचीचा आमच्या घरात कोणासच अभिमान नव्हता. पंधराव्या वर्षी आम्ही पाच फूट दहा इंच झालो. वजन मात्र पन्नास किलोंच्या आसपास घुटमळत राहिले. लातूरच्या ज्या तालमीत आम्ही जात असू, तेथे आम्हांस सारे 'बांबू' म्हणत. भिंतीवर हरिश्चंद्र बिराजदारांचे छायाचित्र होते. लातूरकडचा हा मल्ल 1969 साली लातुरातच 'महाराष्ट्र केसरी' झाला आणि पुढल्याच वर्षी एडिंबरा येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आला. त्या छायाचित्राखाली लंगोट कसताना आमच्या बरगड्या कोणासही मोजता आल्या असत्या.

लांब पायांच्या पोराने टांग मारावी, सवारी भरावी, हे तालमीतले शेंबडे पोरही सांगेल. आमचे वस्ताद मात्र आम्हांस कलाजंग शिकवू लागले. कलाजंग म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या काखेखालून शिरून त्याला खांद्यावर घ्यायचे आणि पलीकडे टाकायचे. बुटक्या, भरल्या अंगाच्या मल्लाचा तो डाव. आम्हांस त्यासाठी अर्धे अंग दुमडावे लागे. "उंच झालास म्हणून वाकायला लाज वाटायली का रे?" असे म्हणून वस्ताद मानेवर हात ठेवीत आणि पुन्हा खाली दाबीत. का शिकायचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. वस्तादांना 'का' विचारण्याची त्या काळी रीत नव्हती.

दोन वर्षांनी एका जत्रेत आमची नारळावरची कुस्ती लागली. वडील मुद्दाम शाळेतून रजा काढून आले होते. समोरचा पोरगा आमच्या छातीएवढा, पण गोटीसारखा घट्ट. तेथे आम्हांस काय सुचले देव जाणे! आम्ही टांग विसरलो, सवारी विसरलो आणि कलाजंग घालण्यासाठी गुडघ्यावर गेलो. तो आमच्याहून खाली होताच. आम्ही खाली जाताच त्याने मान दाबली, बाजूस सरला आणि आमची पाठ मातीला लागली. एक मिनिटही झाले नसेल. परतीच्या एस. टी.त वडील खिडकीबाहेर पाहत बसले. त्यांनी एक शब्दही उच्चारला नाही, म्हणूनच आम्ही तालीम सोडली. वस्तादांनी आमची दोन वर्षे मातीत घातली, असे आम्ही पुढे कितीतरी दिवस म्हणत होतो.

हे सारे आठवण्याचे कारण आमचा भाचा. आमची धाकटी बहीण नांदेडला असते. तिचा तेरा वर्षांचा मुलगा मुष्टियुद्ध शिकतो. अंगाने ठेंगणा, हात आखूड, खांदे रुंद. अशा मुलाने डोके हलवीत आत शिरावे आणि जवळून ठोसे द्यावेत, हे उघड आहे. पण त्याचे प्रशिक्षक त्याला लांबून लढायला लावीत. डावा हात सरळ फेकायचा, मागे सरायचे, पुन्हा फेकायचा. त्याचा ठोसा पोहोचत नसे, समोरच्याचा मात्र पोहोचे. रोज नाक सुजवून घरी येई. "दादा, तू एकदा त्या सरांशी बोल. पोरगं सोडतो म्हणायलंय," असे बहिणीने फोनवर सांगितले, तेव्हा आम्हांस ती एस. टी.ची खिडकी दिसली.

नांदेडच्या गाडीत बसून आम्ही मनाशी भांडणाची तयारी केली. फ्रेझियरचे उदाहरण आमच्यापाशी होते. 8 मार्च 1971 रोजी न्यूयॉर्कमध्ये ज्यो फ्रेझियर मुहम्मद अलीशी लढला, तेव्हा तो अलीहून तीन-चार इंचांनी बुटका होता. त्याने लांबून लढण्याचा मोह धरला नाही. खाली वाकून, मार खात तो सतत आत शिरत राहिला; पंधराव्या फेरीत डाव्या हाताच्या हुकने त्याने अलीला खाली पाडले आणि गुणांवर लढत जिंकली. ज्याने त्याने आपल्या अंगाचेच लढावे, याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

प्रशिक्षकांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. वयाने ते आमच्याहून पुष्कळच लहान. ते म्हणाले, "काका, ह्याला आतच शिरायचंय, मला ठाऊक आहे. पण आत जायची वाट समोरच्याच्या लांब हाताखालूनच जाते ना? तो हात कधी निघतो, फेकणाऱ्याचा तोल कधी जातो, हे ह्यानं स्वतः फेकल्याशिवाय कसं कळणार? आणि पोरगं तेरा वर्षांचं आहे. पुढं किती वाढेल ते तुम्ही सांगता का मी सांगू?"

आम्ही गप्प झालो, कारण आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. त्या जत्रेपूर्वी, तालमीतल्या सरावात, बुटकी पोरे आमच्या पायांत शिरू पाहत तेव्हा आमचा हात आधीच त्यांच्या मानेवर पडे. खांदा कोणत्या क्षणी खाली जातो, हे आमच्या अंगास ठाऊक झाले होते. जत्रेतल्या पोराने आमचे जे केले, तेच आम्ही तालमीत इतरांचे रोज करीत होतो. कलाजंग आम्हांस घालण्यासाठी नव्हे, तर ओळखण्यासाठी शिकवला होता. एवढे एक वाक्य वस्ताद बोलले असते तर! शिवाय बाविसाव्या वर्षी आमचे वजन सत्तरांवर गेले. पंधराव्या वर्षीचे अंग म्हणजे काही कायमचा पत्ता नव्हे.

बीड जिल्ह्यातला राहुल आवारे 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्णपदक जिंकला. तो पुण्यात बिराजदारांच्या हाताखाली घडला. 2011 साली ते निवर्तल्यावर त्याला काका पवारांनी शिकवले. पहिले गुरू भारी वजनाचे. दुसरे लातूर जिल्ह्यातलेच, हलक्या वजनाचे खरे, पण ग्रीको-रोमन कुस्तीतले. त्या प्रकारात कमरेखाली पकड घेता येत नाही आणि पायांचा वापरही चालत नाही. शिष्य लढला तो फ्रीस्टाइल, जिच्यात पट काढणे हेच मोठे हत्यार. कोणत्याही गुरूची कुस्ती जशीच्या तशी उचलून त्याचे भागले नसते. आणि कधीकधी निवडही आपल्या हाती नसते. मेरी कोमने 2010 साली 48 किलो गटात जगज्जेतेपद मिळवले. पण 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी सर्वांत हलका गट होता तो 51 किलोंचा. आपल्याहून थोराड स्त्रियांशी लढून तिने कांस्यपदक आणले.

तरीही एका गोष्टीवर आम्ही प्रशिक्षकांशी वाद घातलाच. जिल्हा स्पर्धा दोन महिन्यांवर आलेली. अशा वेळी पोराच्या हातातले त्याचे हत्यार काढून घेऊ नये, आणि जे शिकवायचे ते कशासाठी, हे त्यास सांगावे. त्यांनी मान डोलावली. रोजचा सराव त्याच्या अंगाचा, शनिवारी दुसऱ्याच्या अंगाचा, असे ठरले. भाच्याला त्यांनी आमच्यासमोरच बोलावून ते समजावले. पोरगा म्हणाला, "मग हे आधी का नाही सांगितलं, सर?" आम्हांस त्याचा हेवा वाटला.

जिल्हा स्पर्धेत तो दुसऱ्या लढतीत हरला. सोडतो असे मात्र पुन्हा म्हणाला नाही. त्या रात्री बहिणीच्या अंगणात त्याने आम्हांस विचारले, "मामा, तो तुमचा कलाजंग कसा असतो हो?" आम्ही धोतर खोचले, त्याच्या काखेखाली डोके घातले आणि गुडघा टेकला. तो उचलला गेला नाही. उठताना आम्हांस त्याचाच खांदा धरावा लागला, आणि बहीण दारातून ओरडली, "दादा, कमरेला जप!"