दुसरी किल्ली

मागच्या महिन्यात खंडेराव मार्केटात भाजी घेताना गाडीची किल्ली हरवली. घरी दुसरी होती म्हणून निभावलं. पण पुण्याहून मुलाचा फोन, "बाबा, आता गाडी विकून टाका." किल्लीपेक्षा ते जास्त लागलं.

शोरूमवाले १४ हजार म्हणाले. मग रावपुऱ्यातल्या चावीवाल्याकडे गेलो. त्याने आधी आरसी बुक आणि आधार मागितलं. मी बँकवाला, मला बरंच वाटलं! म्हणाला, "काका, एक चावी छे ने, तो सस्तामां पती जशे." नुसतं पातं कापलं तर दार उघडतं, पण आतली चिप गाडीने ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. स्टिअरिंगखाली यंत्र जोडून त्याने अर्ध्या तासात नवी किल्ली नोंदवली, हरवलेलीची नोंद पुसली. ३,५०० रुपये. दोन्ही किल्ल्यांनी गाडी सुरू करून बघितली, मगच पैसे दिले.

बँकेत तिजोरीच्या डुप्लिकेट किल्ल्या आम्ही दुसऱ्या शाखेत ठेवायचो. तशी ही मागच्या गल्लीतल्या वहिनींकडे ठेवली आहे. रजिस्टरवर सही तेवढी घेतली नाही. मुलाला बिलाचा फोटो पाठवला. गाडी विकायचं तो पुन्हा बोललेला नाही, मीही विषय काढलेला नाही.