लाल फितीची गाठ

इंग्रजांचा 'रेड टेप' आपण मराठीत घेतला, तो वर एक 'शाही' चढवून. लालफीतशाही! निजामशाही गेली, आदिलशाही गेली. ही शाही मात्र अजून कुणाला बुडवता आलेली नाही.

मुळात ती फीत बिचारी खरीखुरी फीत होती हो! सतराव्या शतकात इंग्लंडातले वकील आणि सरकारी कारकून कागदांचे गठ्ठे लाल फितीने बांधून ठेवीत. कागद सुटून हरवू नयेत, एवढाच हेतू. आपल्याकडे हेच काम रुमाल करीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत. पण 'रुमालशाही' असा शब्द काही झाला नाही. नशीब एकेकाचे!

फितीला बदनाम केले ते एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांनी. त्यांत डिकन्स पुढे. आणि तो स्वतः पोरवयात वकिलाच्या कचेरीत कारकून होता. म्हणजे घरचाच भेदी! १८५० साली त्याने पेटंटसाठी वणवण करणाऱ्या एका गरीब कारागिराची गोष्ट लिहिली. तीसहून अधिक टप्पे. सुरुवात राणीपासून, शेवट मोहोरेचे मेण तयार करणाऱ्याच्या डेप्युटीपाशी. मेणाला डेप्युटी! हे आमच्या हेड ऑफिसलासुद्धा सुचलेले नाही. पुढे १८५२ साली तिथला पेटंटचा कायदा सुधारला.

मी बँकेत, म्हणजे फितीच्या आतल्या बाजूला बसतो. एकदा एक आजी वारलेल्या यजमानांचे पासबुक घेऊन आल्या. नॉमिनेशन नाही. मी दाखला, अर्ज, मुलांच्या सह्या अशी यादी सांगू लागलो.

"अहो साहेब, चाळीस वर्षं ह्यांचा डबा भरला. आता ह्यांची बायको मीच, हे कागदानं सांगायचं?"

"आजी, कागद मागितला नाही तर उद्या भलतंच कुणी येऊन तुमचे पैसे नेईल."

मी म्हणालो ते खरे होते. पण त्यांची ती तिसरी खेप होती आणि दर खेपेला त्यांना एकेकच कागद सांगितला गेला होता, हेही तितकेच खरे होते. मी सगळी यादी मोठ्या अक्षरात एकाच कागदावर लिहून दिली. चौथ्या खेपेला काम झाले.

तेव्हापासून माझे मत असे की, फीत हवीच. तिच्यामुळेच आजींचे पैसे आजींना मिळाले. फक्त ती सुरगाठीने बांधावी. बांधणारे आम्ही पुष्कळ असतो. सोडण्याचे काम मात्र कुणाच्याच टेबलावर नसते.

आता संगणक आले, फिती गेल्या. गाठ आहे. हल्ली तिला 'सर्व्हर डाऊन' म्हणतात.