१३.८ व्होल्टचा बंदोबस्त

कारखानदाराने ‘पोर्टेबल’ म्हणून विकलेली रिग आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ एका टेबलावर, भिंतीतल्या प्लगपासून हातभर अंतरावर, बसून काढते, ही गोष्ट आम्हां हौशी बिनतारीवाल्यांत सर्वांना ठाऊक असूनही उघडपणे कोणी बोलत नाही. डोंगरमाथ्यावर जावे, झाडाला अँटेनाची तार बांधावी आणि मांडीवर संच घेऊन दूरदेशीच्या माणसाशी संभाषण करावे, हे चित्र मोहक खरे. परंतु संसार, नोकरी आणि बेळगावचा पाऊस यांच्या तावडीतून सुटणारा वेळ लक्षात घेता असा योग क्वचितच जुळून येतो, आणि एरवी सकाळी सात मेगाहर्ट्झवर पुण्या-कोल्हापूरकडची मंडळी भेटायची ती घरूनच. तेव्हा प्रवासासाठी बांधलेल्या या यंत्राला घरी वीज कोठून व कशी द्यावी हा प्रश्न वास्तविक पहिला. पण तो विचारला जातो रिग घरात आल्यावर, आणि ‘कुठला तरी अ‍ॅडॉप्टर असेलच की’ एवढ्या एका वाक्यात निकालातही निघतो.

माझ्या बाबतीत तो इतक्या सहजी निकालात निघणे शक्य नव्हते, कारण माझे बिऱ्हाड तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडे, उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीला अगदी लागून आहे आणि माझा चरितार्थही तेथल्याच एका टूलरूममध्ये चालतो. ज्या वसाहतीत दिवसरात्र लोखंड वितळते, क्रँकशाफ्ट घासले जातात आणि दर दोन शेडमागे एका शेडमध्ये वेल्डिंगची ठिणगी उडते, त्या वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्याने आपल्या घरात येणारी वीज पाठ्यपुस्तकातली, म्हणजे २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची निर्मळ तरंगरेषा, असेल अशी अपेक्षा धरू नये. कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्ट्यांच्या जागी इंडक्शन भट्ट्या येत गेल्या तसतसा धूर ओसरला, ही सर्वांच्याच हिताची गोष्ट झाली. परंतु या भट्ट्यांतील थायरिस्टर आणि सीएनसी यंत्रांवरील ड्राइव्ह वीज सरळपणे घेत नाहीत, ती कापून-कापून घेतात, आणि त्या कापाकापीची कैफियत आसपासच्या तारांतून सर्व घरांत पोचते. संध्याकाळी माझा मीटर २०५ दाखवतो, पाळी सुटल्यावर रात्री तोच २५० वर जातो. घरातल्या पंख्याला याचे सोयरसुतक नसते, रिगला असते.

रिगच्या पाठीवर जो १३.८ व्होल्टचा आकडा छापलेला असतो, तो मोटारगाडीकडून आलेला आहे. शिशाच्या बॅटरीच्या सहा कोशांना प्रत्येकी २.३ व्होल्ट दिले म्हणजे बेरीज तेवढी होते, आणि गाडीचे इंजिन चालू असताना विद्युत्‌जनित्र साधारण तेवढाच दाब राखते, म्हणून संच बनवणाऱ्यांनी तो आकडा प्रमाण मानला. त्यात वरखाली १५ टक्क्यांची मुभा बहुधा असते, म्हणजे सुमारे ११.७ पासून १५.९ पर्यंत. पाच वॉटची लहान रिग ऐकताना जेमतेम अर्धा अँपिअर आणि बोलताना दोनएक अँपिअर घेते. शंभर वॉटची मोठी रिग बोलताना वीस अँपिअरच्या पुढे जाते. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ मध्ये लोकांपुढे ठेवलेला बिटएक्स आणि पुढे २०१७ मध्ये आलेला मायक्रोबिटएक्स यांनी आपल्याकडे पुष्कळांच्या हाती स्वस्त संच दिला. त्याचेही सुमारे दहा वॉट बारा व्होल्टांवरच निघतात. पंचाईत दोन अँपिअर मिळवण्यात नाही, कारण ते आज मोबाइलचा चार्जरही देतो. पंचाईत आहे ती हे दोन अँपिअर निःशब्द मिळवण्यात.

हा निःशब्दपणा किती मोलाचा असतो, हे ज्याला अनुभवायचे असेल त्याने एक सोपा प्रयोग करावा. रिग बॅटरीवर लावावी, सात मेगाहर्ट्झवर एखादी मोकळी जागा शोधून एस मीटरचा काटा पाहून ठेवावा आणि मग घराचा मेन स्विच खाली पाडावा. माझ्या घरी काटा सातवरून चारवर उतरला. एक एकक म्हणजे सहा डेसिबेल. तीन एकके म्हणजे अठरा डेसिबेल. आणि शक्तीच्या हिशेबात अठरा डेसिबेल म्हणजे सुमारे त्रेसष्ट पट. याचा अर्थ असा की, पलीकडचा जो गृहस्थ पाच वॉटवर मला सहज ऐकू यायला हवा, त्याने माझ्या घरच्या विजेचा कोलाहल भेदण्यासाठी तीनशेहून अधिक वॉट लावावेत, अशी अपेक्षा मी नकळत करीत होतो. हौशी बिनतारीच्या ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीच्या परवान्याला तर ५० वॉटांचीच मर्यादा आहे. विद्युत्‌पुरवठा हा बोलण्याच्या सोयीचा विषय आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. माझ्या मते तो प्रथम ऐकण्याचा विषय आहे.

स्वस्त एसएमपीएस (स्विच-मोड पॉवर सप्लाय) येथेच नापास होतो. तो मेन्सचा दाब आधी सुमारे ३२५ व्होल्टांच्या एकदिश प्रवाहात बदलतो आणि मग सेकंदाला हजारो वेळा तोडून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून खाली आणतो; त्यामुळे तो वजनाने हलका व दिसायला सुबक होतो, पण त्या तोडण्याच्या कंप्रतेचे गुणक रेडिओच्या पट्ट्यांत येऊन बसतात. समजा ती कंप्रता साठ किलोहर्ट्झ असली, तर तिचा ११७ वा गुणक ७.०२ मेगाहर्ट्झवर पडतो आणि डायल फिरवताना दर साठ किलोहर्ट्झला एक गुणगुण भेटते, जी तापमानाबरोबर इकडेतिकडे सरकत असल्यामुळे नॉच फिल्टरनेही हटत नाही. चांगले एसएमपीएस मिळत नाहीत असे नव्हे. त्यांच्या आत फिल्टर असतात, बाहेर फेराइटच्या कड्यातून वायरचे आठदहा वेढे काढले म्हणजे ते आणखी शांत होतात, आणि शंभर वॉटच्या रिगला आज कोणी शहाणा माणूस दुसरे काही घेणार नाही. पण दोन अँपिअरच्या गरजेपायी हा उपद्व्याप घरात आणावा, हे मला पटत नाही.

म्हणून मी जुन्या वाटेने गेलो आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. उद्यमबागेत राहण्याचा जर कोणता फायदा असेल तर तो हा, की जळालेल्या मोटारी दुरुस्त करणारे वाइंडिंगवाले येथे चालत जाण्याच्या अंतरावर मिळतात. माझा बेत ९० व्होल्ट-अँपिअरचा, म्हणजे १८ व्होल्ट व ५ अँपिअर देणारा, होता. त्याला अकरा चौरस सेंटिमीटरचा गाभा आणि दर व्होल्टला चार फेरे, म्हणजे मेन्सच्या बाजूला २६ गेजचे ९२० आणि दुसऱ्या बाजूला १६ गेजचे ७२, असा तपशील मी कागदावर लिहून नेला. वाइंडिंगच्या मामांनी कागद दूर धरून वाचला.

“सर, व्होल्टला तीन फेरे पुरतात की. चार कशाला? तांबं फुकट जातंय बघा.”

“मामा, रात्री अडीचशेवर चढतंय आपल्याकडं. तीनवर कोअर हम करील.”

मामांनी क्षणभर विचार केला आणि बॉबिन मशीनवर चढवले. “मग घालूया चार. व्हार्निश करून भट्टीत ठेवतो, परवा या.”

त्यांच्या हाताखाली ते तांबे बसताना पाहणे हे एक स्वतंत्र शिक्षण होते. प्रत्येक थरानंतर कागद, कागदाच्या कडा बॉबिनच्या भिंतीला अचूक भिडलेल्या, डाव्या हाताच्या अंगठ्याने तारेला दिलेला ताण शेवटपर्यंत एकसारखा. आणि मग ई व आय आकाराच्या पट्ट्या एक डावीकडून, एक उजवीकडून अशा आलटून-पालटून ठोकीत जाऊन शेवटची पट्टी हातोडीच्या लाकडी दांड्याने बसवलेली. तो ट्रान्सफॉर्मर आजही कान लावला तरच बोलतो.

पुढचे मंडल पाठ्यपुस्तकी आहे: ब्रिज रेक्टिफायर, दहा हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ७२३ ही जुनी आयसी आणि मोठ्या हीटसिंकवर २एन३०५५. दोन अँपिअर घेतले असता त्या कपॅसिटरवर सुमारे दोन व्होल्टांची लहर उरते, आणि ती गिळून १३.८ ची सरळ रेषा देणे हे ट्रान्झिस्टरचे काम. बावीस व्होल्ट आत आणि १३.८ बाहेर असताना दोन अँपिअरवर सोळा वॉट उष्णतेत जातात. हीटसिंक हाताला गरम लागतो, एवढेच. वीस अँपिअरवर तीच उष्णता १६४ वॉट झाली असती, सबब ही पद्धत लहान रिगपुरतीच शहाणपणाची. यात एक कलम मात्र कोणी वगळू नये. ३०५५ जेव्हा मरतो तेव्हा तो बहुधा शॉर्ट होऊन मरतो, आणि मग मागचे सगळे बावीस-तेवीस व्होल्ट थेट रिगच्या अंगावर येतात. पंधरा व्होल्टच्या झेनरने पेटणारा थायरिस्टर पुरवठ्याच्या दोन टोकांत आडवा टाकला, म्हणजे दाब चढताच तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो व रिग वाचते. याला क्रोबार म्हणतात. त्याची किंमत एका चांगल्या जेवणाइतकीही नाही.

एवढे करूनही मी रिग त्या पुरवठ्यावर थेट चालवीत नाही. घरच्या नळाला पाणी केव्हा येईल याचा भरवसा नसला म्हणजे आपण गच्चीवर टाकी बसवतो आणि नळ टाकीला जोडतो. तीच तजवीज येथे बॅटरीने होते. पुरवठा १३.६ व्होल्टांवर, ०.७ अँपिअरच्या मर्यादेत बांधलेला, बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची एसएमएफ बॅटरी भरीत राहतो, आणि रिगचा संबंध फक्त बॅटरीशी. कामगारांची दुसरी पाळी लागून काटा वर चढू लागला की मी चार्जरचा प्लग काढतो, आणि मेन्सशी माझे नाते संपते. हिशेब असा: तीन हिस्से ऐकणे व एक हिस्सा बोलणे धरले तर सरासरी ०.८७५ अँपिअर, शिशाची बॅटरी अर्ध्याहून खाली उतरवू नये हे पथ्य पाळले तर चार तास निर्धास्त. चार तासांहून अधिक वेळ जो रेडिओपुढे बसतो त्याच्या घरचे लोक त्याला आपणहून उठवतात.

लिथियम-फॉस्फेटची बॅटरी अर्थातच हलकी, तिचे १२.८ व्होल्ट शेवटपर्यंत ढळत नाहीत आणि ती जवळजवळ पूर्ण वापरता येते. खांद्यावर घेऊन जायची असेल तर तीच घ्यावी. परंतु तिला कायम चार्जरवर टांगून ठेवू नये आणि शिशाच्या बॅटरीच्या चार्जरवर तर डोळे मिटून लावू नये. ज्याला घरी टेबलाखाली वर्षानुवर्षे विसरून जायचे आहे त्याच्यासाठी शिसे अजून कालबाह्य झालेले नाही, असे माझे मत आहे, आणि तरुण मित्रांच्या हसण्याने ते बदललेले नाही.

विजेसाठी जागेवर अवलंबून राहण्याचे दुखणे जुनेच आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत चाललेल्या गुप्त काँग्रेस रेडिओची हकीगत वाचताना उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांच्या धैर्याइतकेच मला एका अगदी रुक्ष गोष्टीचे कुतूहल वाटत आले आहे. पोलिसांना चकवण्यासाठी प्रेषकाला बिऱ्हाडामागून बिऱ्हाड बदलावे लागे, आणि त्या काळच्या व्हॉल्व्हच्या प्लेटला शेकडो व्होल्ट लागत असल्याने प्रत्येक नव्या जागेत आधी विजेची चौकशी करावी लागली असेल. ट्रान्झिस्टरने आपली त्या दास्यातून सुटका केली. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ महामार्गावर चढले आणि वाहतूक थांबली, तेव्हा ज्याची रिग आधीपासूनच बॅटरीवर होती त्याला वेगळी तयारी करण्याचे कारण नव्हते.

उरलेल्या बाबी थोडक्यात. वायर जाड घ्यावी: तीन मीटर अंतरावर एक चौरस मिलिमीटरची वायर दोन अँपिअरला ०.२ व्होल्ट खाते, ते चालेल. पण वीस अँपिअरला दोन व्होल्ट खाते, ते चालणार नाही. फ्यूज दोन्ही वायरींत आणि बॅटरीच्या टोकाशी असावेत, रिगच्या टोकाशी नव्हे. आपल्याकडची जांभी माती उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा असला तरी मार्चपासून पाणी ओतावे लागते.

आणि नव्याने परवाना घेणाऱ्यांना एक विनंती. लॉगबुक तुम्हाला ठेवायचेच आहे. तारीख, वेळ, कंप्रता, कॉलसाईन व रिपोर्ट यांच्या पुढे बॅटरीच्या व्होल्टेजचा एक रकाना स्वतःहून वाढवा, आणि त्यात दोन आकडे लिहा, एक ऐकतानाचा व एक बोलतानाचा. नवी बॅटरी बोलताना १२.६ वरून १२.२ वर येत असेल आणि वर्षाने तीच ११.४ वर येऊ लागली, तर रिग उघडून बसू नका; बॅटरी बदला.