केदार म्हणजे राहणे

फोनवरच्या अ‍ॅपमध्ये हे क्रियापद पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणीतरी कुणाला हाक मारतंय असंच वाटलं. केदार! फक्त जोर शेवटच्या ‘दार’वर. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण आलंय गं?"

कुणी आलं नव्हतं. मी स्पॅनिश शिकत होते. वाळूजच्या ज्या कंपनीत मी काम करते, तिला मेक्सिकोतल्या कारखान्यात दोन वर्षांसाठी कुणाला तरी पाठवायचं होतं. मी नाव दिलं होतं आणि आईला सांगितलं नव्हतं. बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. औरंगपुऱ्यातल्या घरात आम्ही दोघीच होतो.

अ‍ॅपने अर्थ दिला: राहणे, उरणे. सोपं वाटलं. मग वाक्यं येत गेली. ‘केदान दोस’ म्हणजे दोन उरलेत. ‘दोंदे केदा ला फार्मासिया?’ म्हणजे औषधांचं दुकान कुठे आहे? ‘एल आसुल ते केदा ब्येन’ म्हणजे निळा रंग तुला छान दिसतो. ‘केदामोस आ लास सिंको’ म्हणजे पाचला भेटायचं ठरलं. ‘मे केदो कोन एस्ते’ म्हणजे हा मी घेते. एका शब्दाला एवढी कामं बघून मी वैतागले. रविवारच्या ऑनलाइन वर्गात पुण्याच्या मॅडमना विचारलं, ही यादी पाठ कशी करायची?

"यादी सोडा," त्या म्हणाल्या. "दिवसभर मराठीत लोक काय बोलतात ते ऐका."

मग मी ऐकायला लागले. भाजीमंडईत मावशी म्हणाल्या, "दोनच जुड्या राहिल्या मेथीच्या, घेऊन टाक." केदान दोस. गुलमंडीकडून आलेल्या एकाने गाडी थांबवून विचारलं, "नाथ मंदिर कुठे येतं?" आपल्याकडे मंदिर ‘येतं’, तिकडे ते ‘राहतं’. मॅडमनी सांगितलं होतं की मेक्सिकोत पत्ता विचारताना हे क्रियापद फार चालतं, तर भेट ठरवायला ते स्पेनमध्ये जास्त वापरतात. आईचा ब्लाऊज शिवून आला आणि तो नीट ‘बसला’. तिकडे तोही केदारच.

आणखी एक गंमत. ‘ते केदा ब्येन’मधला ‘ते’ म्हणजे ‘तुला’. रंग कर्ता, आणि माणसाला नुसता ‘ला’. इंग्रजीच्या वाटेने येणारे इथे अडखळतात. ‘मला आवडतं’, ‘मला शोभतं’ म्हणणाऱ्या आपल्याला हे आयतंच येतं.

एकदा वर्गात आपलं घर कुठे ‘केदा’ ते सांगायचं होतं. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, ते नवं सांगितलं. औरंगपुऱ्याचं राहिलं, ते तसंच सांगितलं.

अडले ते एका साध्या वाक्यापाशी. ‘सु माद्रे से केदो सोला.’ तिची आई एकटी राहिली. त्या रात्री अ‍ॅप बंद करून टाकलं.

पुढच्या रविवारी मॅडमनी नेमकं तेच समजावलं. ‘केदो’मधल्या ‘के’वर जोर दिला तर ‘मी राहते’, ‘दो’वर दिला तर ‘ती राहिली’. मागे ‘मे’ किंवा ‘से’ लागला आणि पुढे विशेषण आलं, एकटी, विधवा, थक्क, तर बहुतेकदा ते माणसावर ओढवलेलं असतं. विशेषण नसेल, नुसतं ‘मे केदो’, तर ती त्या माणसाची मर्जी. मी राहते, कारण मला राहायचंय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शांत करणे. इंग्रजीतलं ‘क्वाएट’ याच कुळातलं.

दोन दिवसांनी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मेक्सिको कुठे येतं?"

मी फोनवर नकाशा दाखवला. तिने बोटाने तो इकडे सरकवला, तिकडे सरकवला. "एवढं लांब," म्हणाली. मला वाटलं, आता ती ते वाक्य म्हणणार, ज्याची मी आठ महिने धास्ती घेतली होती. मी आधीच म्हणून टाकलं, "तू नको म्हणालीस तर नाव काढून घेईन. तू एकटी राहशील..."

"तू जा," ती म्हणाली. "मी राहते."

मनातल्या मनात भाषांतर झालंच. मे केदो. जोर ‘के’वर. ‘एकटी’ हा शब्द मी वापरला होता, तिने नाही. तिला तो शब्द टोचत नसेल असं मी म्हणणार नाही. रात्री तिच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू होता. पण तो शब्द तिच्यावर लादायचा हक्क मला नव्हता, एवढं मला त्या संध्याकाळी कळलं.

काड्या गोळा करून ती उठली. आत जाता जाता म्हणाली, "आणि पासपोर्टचं राहिलंय ना तुझं? ते आधी कर."